त्यांना दोन गोळ्या, मला एक

माझ्या जाऊबाई वयानं माझ्यापेक्षा दीड वर्षानं लहान आणि नात्यानं मोठ्या. थोरल्या दिरांची बायको म्हणून त्या घरात माझ्या आधी आल्या. त्यामुळे गेली पंचेचाळीस वर्षं मी त्यांना ‘अहो जाऊबाई’ म्हणते आणि त्या मला ‘अगं ए’ म्हणतात. एखाद्या माणसाचा जन्मभर हेवा करायला एवढं कारण पुरतं, पण माझ्याकडे आणखीही पुष्कळ होती.

या वयात तरी मन मोठं करा, असं माझी सून मला सांगते. मी तिला म्हटलं, माझी प्लीहा मोठी झालीय तेवढी बस. प्लीहा का मोठी झाली ते पुढे येईलच.

दोघे भाऊ नोकरीसाठी कोकणातून आलेले. विरार पूर्वेला, मनवेलपाड्यातल्या एका चाळीत त्यांनी शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या आणि मधल्या भिंतीला दार पाडलं. एका खोलीत सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई. दुसऱ्या खोलीत आम्ही दोघं. त्या दारातून मला पलीकडचं सगळं दिसायचं. जाऊबाईंचे गुडघ्यापर्यंतचे केस दिसायचे, त्यांची न फाटणारी भाकरी दिसायची, सासूबाई त्यांच्या ताटात माशाची मधली तुकडी वाढायच्या तेही दिसायचं. मला शेपटी. ते दार नसतं तर आज माझं यकृत धडधाकट असतं, असं मी कधीकधी म्हणते. लोकांना ते थट्टेचं वाटतं.

जाऊबाईंचं पहिलं बाळंतपण झालं आणि त्या खंगल्या. चाळीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचे. त्यांच्या पाटीवर नावापुढे बरीच अक्षरं होती. ती कशाची, हे कुणी विचारलं नव्हतं. सर्दी असो, ताप असो, कंबर धरलेली असो, ते सुई द्यायचे, आणि आम्हालाही सुईच हवी असायची. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर म्हणजे आमच्या मते अर्धवट शिकलेला. त्यांनी जाऊबाईंना ताकदीची दहा इंजेक्शनं सांगितली, एक दिवसाआड. लालभडक औषध, डाळिंबाच्या रसासारखं.

एक दिवसाआड संध्याकाळी मिरवणूक निघायची. पुढे बाळाला घेतलेल्या सासूबाई, मागे डोक्याला रुमाल बांधलेल्या जाऊबाई. परत आल्या की त्यांना अर्धा तास आडवं पडायची मुभा होती. सासूबाई कोमट दूध आणून द्यायच्या, त्यात खारकेची पूड. सुई टोचली तिथं शेकायला गरम पाण्याची पिशवी. आणि त्या अर्ध्या तासात सगळ्यांच्या भाकऱ्या मी भाजायची, मधल्या दारातून आत बघत बघत, त्यामुळे करपवत.

तेव्हाची मी कशी होते? लग्नाला आठ महिने झालेले. एका वेळी दोन भरल्या कळश्या उचलणारी. चार भाकऱ्या खाऊन पाचवी कुणाला नको असेल तर बघते म्हणणारी. आजारपणाचं एक लक्षण अंगावर नाही. या धडधाकट पोरीच्या डोक्यात असं बसलं की या घरात मान मिळवायचा असेल तर सुई घ्यायला हवी.

मग मला चक्कर यायला लागली. चक्कर येण्यासाठी मी जागा शोधत होते. नळाजवळ ओलं होतं, तिथं साडी खराब झाली असती. चुलीजवळ भाजलं असतं. शेवटी मधल्या दारात, चटईवर पडायचं ठरवलं, म्हणजे दोन्ही खोल्यांतून दिसलं असतं. पडताना निऱ्या नीट धरल्या होत्या आणि डावा हात डोक्याखाली घेतला होता. सासूबाई वरून वाकून बघत होत्या.

“ऊठ,” त्या म्हणाल्या, “तवा तापलाय.”

आठवड्यात चार वेळा चक्कर आल्यावर आमच्या ह्यांना दया आली. ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, “रक्त चांगलं आहे. काही नको.”

मी म्हटलं, “सुई द्या.”

ते म्हणाले, “बरं.”

दहा.

त्यानंतर मिरवणुकीत मीही. दवाखान्यात स्टोव्हवर स्टीलचा एक डबा असायचा, त्यात पाणी उकळायचं आणि काचेची सिरिंज खळखळायची. ते आम्ही कौतुकानं बघत बसायचो. पण बाकावर बायकांची गर्दी असली की डॉक्टर सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे आणि “पुढची” म्हणायचे. मोठ्या म्हणून आधी जाऊबाई, मग मी. त्यांना टोचलेली सुई पुसून मला. याचं मला वाईट वाटायचं, पण कशाचं? सुई तीच, याचं नाही. त्या आधी का, याचं.

दूध मात्र मला मिळालं नाही. सासूबाई म्हणाल्या, “तुझी ताकद आणखी वाढली तर चाळ पडेल.”

पुढे चाळ खरंच पाडली, पण ती बिल्डरनं. आम्हाला त्याच जागेवरच्या इमारतीत घर मिळालं. जाऊबाई उमेळ्याला गेल्या. तिथं पूर्वी वाडी होती. सगळी झाडं काढून इमारत उभी केली आणि शोभेला म्हणून कोपऱ्यात चार माड ठेवले. ते चारही नेमके जाऊबाईंच्या गॅलरीसमोर. माझ्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. दोघे भाऊ यथावकाश गेले. आम्ही दोघी उरलो, एक माडांकडे बघत, एक टाकीकडे.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचा फोन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात, ते तपासलं होतं.

“अगं ए, माझ्या रक्तात काहीतरी निघालंय. हिपॅटायटिस सी.”

“म्हणजे काय?”

“लिव्हरचा विषाणू. वर्षानुवर्षं गुपचूप बसून असतो म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का, सुया घेतल्या होत्या का. म्हटलं, घेतल्या ना, दहा. आणि एकदम तू आठवलीस.”

बाकी कधी त्यांना मी एकदम आठवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मी उमेळ्याला गेले तर तिथं नातेवाइकांची ही गर्दी. कुणी शहाळी आणलेली, कुणी पपया. जाऊबाई गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसलेल्या, खांद्यावर शाल, मागे माड हलताहेत. चेहरा असा केलेला की बघणाऱ्यानं आपणहून पाया पडावं. माझं आतून जळलं. एवढं भारदस्त इंग्रजी नावाचं दुखणं, आणि तेही आधी यांनाच. दुसऱ्याच दिवशी मी रक्त देऊन आले.

माझाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सून रडायला लागली. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. वाटलं, झाली बरोबरी. भीती नंतर आली, संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना. काडी तीनदा विझली.

यकृताच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही दोघी बरोबर गेलो. बाई तरुण, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांच्याकडे एक यंत्र आहे. बरगड्यांच्या मधे टेकवतात आणि ते आतल्या आत टिचक्या मारतं. यकृत किती कडक झालंय त्याचा आकडा देतं. आधी जाऊबाई आत गेल्या, मग मी. बाहेर आल्यावर मी विचारलं, “तुम्हाला किती?”

“सहा.”

“मला एकोणीस.”

मी मान ताठ करून बसले. जन्मात पहिल्यांदा मला त्यांच्या तिप्पट मार्क पडले होते. आकडा कमी असावा लागतो, हे डॉक्टरबाईंनी आत बोलावून सांगितलं तेव्हा जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांची पर्स हलत होती. हसू दाबलं की त्यांची पर्स हलते.

मग गोळ्यांचं. बारा आठवडे, रोज. जाऊबाईंना रोजच्या दोन लिहून दिल्या आणि मला एक. मी कागद उलटा करून बघितला.

“बाई, माझी एक राहिली.”

“राहिली नाही, आजी. तुमच्या एका गोळीतच दोन औषधं आहेत. तुमचं यकृत कडक झालंय, आतून व्रण पडलेत, म्हणून तुम्हाला ही निराळी. त्यांचं अजून मऊ आहे.”

त्यांचं अजून मऊ आहे. हे वाक्य मी चार दिवस चघळत होते. केस मऊ, भाकरी मऊ, आवाज मऊ, आणि आता यकृतसुद्धा मऊ. मी डॉक्टरबाईंना विचारलंच, “सुई एकच होती, मग माझंच असं का?” त्या म्हणाल्या, तुम्हाला साखर आहे, वजन जास्त होतं, शिवाय प्रत्येकाचं शरीर निराळं. आणि मुळात त्या सुईतूनच आलं, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जाऊबाई आणि मी मात्र छातीठोकपणे सांगत होतो.

“आधी तुम्ही बसायच्या,” मी रिक्षात म्हटलं. “म्हणजे तुमच्याकडून मला.”

“एकदा तू पुढे घुसली होतीस. मी बाळाला पाजत होते तेव्हा.”

“एकदाच.”

“एकदा पुरतं. आत्ताच सांगितलं ना बाईंनी.”

रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे बघितलं. दोन म्हाताऱ्या कशावरून भांडताहेत ते त्याला कळलं नसणार.

गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची होती, आणि आम्ही दोघींनी नऊ ठरवले होते. नऊला त्यांचा फोन यायचा, “घेतलीस?” मी पावणेनऊलाच घेऊन बसायला लागले, केवळ “केव्हाच” असं म्हणता यावं म्हणून. त्यांनी ते ओळखलं आणि साडेआठला फोन करायला सुरुवात केली. एकही गोळी चुकली नाही ती या चढाओढीमुळे. डॉक्टरबाईंनी आमचं फार कौतुक केलं.

गोळ्या संपल्या की लगेच निकाल लागत नाही. आणखी बारा आठवडे थांबून रक्त तपासतात. विषाणू खरंच गेलाय की कुठे दडून बसलाय, ते तेव्हा कळतं. आमच्या दोघींच्याही रक्तात तो सापडला नाही. माझ्या सुनेनं पेढे आणले. मी अर्धा खाल्ला.

इथं जाऊबाईंची गोष्ट संपली. डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, “तुम्हाला आता माझ्याकडे यायला नको. एवढं लक्षात ठेवा, पहिली केली होती ती तपासणी पुन्हा केलीत तर जन्मभर पॉझिटिव्हच येणार. ती नुसती जुनी खूण आहे, आजार नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “आजी, तुम्ही मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. रक्ताची एक तपासणीही.”

“किती वर्षं?”

“कायम.”

“विषाणू गेला ना पण?”

“गेला. त्यानं करून ठेवलेले व्रण आहेत. प्लीहा मोठी झालीय ती त्यामुळेच. अशा यकृतात पुढेमागे गाठ येऊ शकते. लहान असताना सापडली तर तिचं काही करता येतं. मोठी झाल्यावर सापडली तर फारसं नाही. म्हणून बघत राहायचं.”

इतकं सरळ सांगितलं होतं. मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

पहिल्या तीन वेळा सून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन माझ्याबरोबर आली. चौथ्या वेळी मी तिला म्हटलं, जाऊबाई येताहेत, तू रजा घालवू नकोस. जाऊबाईंना मी विचारलं नव्हतं, पण विचारायचं मनात होतं. त्या दिवशी सकाळी मी उपाशीपोटी तयार होऊन बसले होते आणि त्यांचाच फोन आला.

“अगं ए, घावन केलेत, नारळाच्या रसाबरोबर. येतेस?”

“मी आज उपाशी आहे.”

“का गं? अगंबाई हो, तुझं ते असतं नाही का.”

तुझं ते. म्हणजे आता ते फक्त माझं होतं. त्यांचं राहिलंच नव्हतं. आम्ही एका बाकावर बसलो होतो, एका सुईचं घेतलं होतं, एका वेळी गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि त्या आता गॅलरीत बसून घावन खात होत्या. “चाललंय माझं, सुनेबरोबर जाते,” असं म्हणून मी फोन ठेवला.

माणिकपूरला सोनोग्राफीच्या दारापर्यंत मी गेले. नंबराची चिठ्ठीही घेतली. माझ्या आधी नऊ बायका होत्या. चिठ्ठी हातात धरून मी रस्ता ओलांडला आणि समोरच्या हॉटेलात पुरीभाजी मागवली. वर चहा, साखर घातलेला. पोटात अन्न गेलं की सोनोग्राफी होत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर दुसरी पुरीभाजीही मागवली.

सुनेला सांगितलं, सगळं चांगलं आहे, कागद डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलाय. सहा महिन्यांनी पुन्हा तसंच केलं. या वेळी चिठ्ठीसुद्धा घेतली नाही.

मधल्या दारात पडणाऱ्या त्या पोरीला मी आजवर खूप हसले आहे. नातवंडांना तिची नक्कल करून दाखवते, डावा हात कसा डोक्याखाली घेतला ते. पण ती निदान तेवीस वर्षांची होती. त्यांना मिळाली म्हणून तिला सुई हवी होती. त्यांना नको म्हणून मला सोनोग्राफी नको होती, आणि मी तेव्हा पासष्टीची होते.

जाऊबाईंच्या पणतीचं, म्हणजे त्यांच्या नातीच्या मुलीचं बारसं होतं. आधी पणतीही त्यांनाच झाली, ते असो. पंगतीत माझी सून त्यांना म्हणाली, “काकू, तुमचे फार उपकार झाले. दोन्ही वेळा तुम्ही आईंबरोबर गेलात, माझी रजा वाचली.”

माझ्या हातातली श्रीखंडाची वाटी तशीच राहिली. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “त्यात कसले उपकार? शहाण्यासारखी येते ती.” आणि तिच्या पानात आणखी एक पुरी वाढली.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून घेतलं.

“किती वेळा?”

“दोनदा.”

“म्हणजे वर्ष झालं.”

“तुम्हाला काय करायचंय?”

“तू गेलीस तर मी रोज सकाळी टोमणे कुणाला मारू?”

“तुमचं यकृत मऊ आहे, जाऊबाई. तुम्हाला नाही कळायचं.”

ओट्यावरचं फडकं उचलून त्यांनी घडी केली, पुन्हा उलगडली.

“म्हणून गेली नाहीस? मला जावं लागत नाही, म्हणून?”

मी ओट्यावरच्या वाट्या एकात एक रचायला लागले.

“अगं ए,” त्या म्हणाल्या, “चाळीत तू त्या दारात पडलीस ना पहिल्यांदा, तेव्हा मी आतून बघत होते. आधी तू निऱ्या धरल्यास, मग पडलीस. मला तेव्हाच कळलं होतं. मी तुझ्या ह्यांना नुसतं सांगितलं असतं, की तिला काही झालेलं नाही, तरी तुला ती सुई मिळाली नसती. मी पांघरुणात तोंड घालून हसत बसले. मला मजा वाटत होती.” त्यांनी फडकं खाली ठेवलं. “परवा सकाळी सात वाजता माणिकपूर. उपाशी ये.”

मी परतताना रिक्षात काय विचार करत होते? एवढी वर्षं मला वाटत होतं, माझं नाटक त्या घरात फक्त सासूबाईंनी ओळखलं. जाऊबाईंनीही ओळखलं होतं आणि एवढा काळ पोटात ठेवलं होतं. माझ्या पोटात साधी पुरीभाजी वर्षभर राहिली नाही. याचाही मला हेवा वाटला.

ठरल्या दिवशी सात वाजता त्या माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. काही खाल्लं नव्हतं त्यांनीही. मी म्हटलं, तुम्ही कशाला उपाशी? तर म्हणाल्या, सवय आहे, एकादशी समज. तिथल्या मावशी मला सांगत होत्या, “आज्जी, पानी पन पिऊ नका हां आता.” जाऊबाईंनीही आपली पाण्याची बाटली पर्समध्ये टाकली.

आत गार मलम पोटावर लावलं. यंत्र फिरत होतं. श्वास घ्या, धरा, सोडा. कूस बदला. श्वास घ्या, धरा. यंत्र एका जागी थांबलं, पुढे गेलं, परत त्याच जागी आलं. आधीच्या वेळी सोनोग्राफीवाले डॉक्टर मधेमधे बोलायचे, नातवंडं किती, राहता कुठे. त्या दिवशी ते बोलत नव्हते.

बाहेर जाऊबाई उभ्याच होत्या. “काय म्हणाले?”

“काही नाही.”

“असं कसं काही नाही?”

“गप्प होते.”

त्यांनी पर्समधून डबा काढला. घावन होते. डबा मांडीवर उघडा ठेवून आम्ही दोघी बसून राहिलो आणि कुणीच खाल्लं नाही.

मग सीटी स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं, करड्या यकृतात एक ठिपका. एकच गाठ, दोन सेंटिमीटरच्या आतली. इलाज होण्यासारखी. मी विचारलं, “वर्षापूर्वी आले असते तर?”

“वर्षापूर्वी ती होती की नव्हती, हे मी कशावरून सांगू, आजी? त्या वेळचा फोटोच नाही.”

सून माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे. तिला तिथं सगळं कळलं. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मुंबईच्या हॉस्पिटलात तो इलाज झाला. सोनोग्राफीत बघत बघत पोटातून एक लांब सुई आत घालतात, तिचं टोक तापतं आणि गाठ जागच्या जागी जळते. आदल्या संध्याकाळी जाऊबाई माझ्या पलंगाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, “बघा, शेवटी सुईच निघाली.”

“ही तुला एकटीला,” त्या म्हणाल्या. “मी मागणार नाही.”

मला हसू आलं. मग मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी माझ्या पायावरची चादर नीट केली, नीटच होती ती.

घरी सोडल्यावर पहिल्या संध्याकाळी त्या उमेळ्याहून मनवेलपाड्याला आल्या. स्वयंपाकघरात काहीतरी खुडबुड केली आणि पेला घेऊन बाहेर आल्या. कोमट दूध. वर तपकिरी पूड तरंगत होती.

“चिमूटभरच घातलीय,” म्हणाल्या. “तुला साखर आहे. आणि अर्धा तास आडवी पड. भाकऱ्या मी बघते.”

मी आडवी पडले. पलंगावरून स्वयंपाकघराचं दार दिसतं. त्यांनी तीन भाकऱ्या केल्या, तिन्ही न फाटता फुगल्या. माझ्या घरच्या तव्यावर, माझ्या पिठाच्या. मी डोळे मिटून घेतले.

त्याला आता दोन वर्षं झाली. आधी दर तीन महिन्यांनी बघत होते, आता पुन्हा सहा महिन्यांवर आलंय. नवीन काही सापडलेलं नाही. सापडणारच नाही, असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत आणि मी विचारत नाही. सून आता रजा घेत नाही, पण प्रत्येक वेळी रिपोर्टचा फोटो मागते, तारखेसकट. माझ्यावर विश्वास नाही तिचा, बरोबरच आहे.

गेल्या महिन्यात गेलो होतो. आधी रक्त द्यायचं असतं. त्या खुर्चीशी मीच पुढे होते आणि जाऊबाई माझी पर्स धरून मागे. रक्त घेणारी मुलगी पाकीट उचलते तोवर जाऊबाई म्हणाल्या, “थांब. आमच्यासमोर फाड.” तिनं फाडलं. आम्ही दोघींनी वाकून बघितलं, नवी कोरी सुई. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्या घाबरताहेत.

सोनोग्राफी झाली. गाठ जळाली तिथली खूण तेवढी आहे, बाकी स्वच्छ. पुढची तारीख फाइलवर लिहून घेतली, आणि समोरच्या हॉटेलात गेलो. हॉटेलवाला मला ओळखतो, मला बघितल्याबरोबर दोन पुरीभाजी सांगतो. जाऊबाईंना ते आवडत नाही. पुरी मला एकच मिळते, आणि चहा बिनसाखरेचा. त्यांच्या चहात दोन चमचे साखर असते. मी त्यांच्या कपाकडे बघत बसते, आणि त्या मुद्दाम सावकाश पितात.